वरच्या काकांनी तोललेला लॅपटॉप

या जगात जे जे काही विकलं जातं ते लिहिलंय त्यापेक्षा थोडं कमीच भरतं, हे पुराव्यानिशी ठाऊक असलेलं एकच माणूस मी पाहिलं आहे, आणि ते माणूस आमच्या डोक्यावर राहतं. डोक्यावर म्हणजे चौथ्या मजल्यावर. नागपूरच्या मनीषनगरातल्या आमच्या इमारतीत सगळे त्यांना 'वरचे काका' म्हणतात. पाचव्या मजल्यावरचे लोकसुद्धा वरचे काकाच म्हणतात आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही. काका वजनमाप खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली, पण निवृत्त झाले ते खात्यातून; वजनातून आणि मापातून नाही. गॅसचा सिलेंडर आला की तो त्यांच्या दारातल्या ताणकाट्याला लटकल्याशिवाय स्वयंपाकघरात जात नाही. दुधाची पिशवी, रव्याचं पाकीट, साबणाची वडी, सगळ्यांची रांग लागते. काकू गोळाभात करतात तेव्हा सगळे गोळे एका वजनाचे झालेत की नाही हे बघायला काका ओट्यापाशी उभे असतात. काकूंना आता त्याचं काही वाटत नाही. "लग्नाच्या आधी मले बी उचलून पाह्यलं असन यायनं," असं त्या पाहुण्यांसमोर बिनदिक्कत सांगतात, "मंगच हो म्हणलं."

एकदा काका आमच्याकडे आले असताना माझ्या बायकोनं त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली. काकांनी ती तळहातावर धरली, डोळे मिटले आणि म्हणाले, "बशी सोडून दीडशे ग्राम." बायकोनं स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला. दीडशे ग्राम. त्या दिवसापासून तिला त्यांच्याबद्दल आदर आणि मला धाक वाटतो. मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे 'अपार', 'अफाट', 'असंख्य' हे शब्द माझ्या तोंडात सवयीनं येतात. इमारतीच्या सभेत मी एकदा म्हणून गेलो, की आपल्यापुढे असंख्य अडचणी आहेत. मागच्या रांगेतून आवाज आला, "असंख्य म्हणजे किती, सर? यादी द्या." यादी केली तेव्हा अडचणी तीन निघाल्या, आणि त्यातली एक मीच होतो, कारण माझी गाडी पाण्याच्या टाकीपुढे लागायची.

काकांचा आवडता प्रश्न म्हणजे "कोण म्हणते?" कोणी सांगावं, यंदा उन्हाळा मागच्यापेक्षा कडक आहे. "कोण म्हणते?" कोणी सांगावं, अमक्याची संत्री गोड असतात. "कोण म्हणते?" विचारण्यात भांडणाचा सूर अजिबात नसतो, नुसतं मनापासूनचं कुतूहल असतं, आणि म्हणूनच समोरचा माणूस जास्त गडबडतो. पण हा माणूस गिऱ्हाइकाच्याच बाजूचा आहे असं समजू नका. आमच्या कोपऱ्यावर एक भाजीवाली बसते. तिच्या तराजूत गडबड आहे असा इमारतीतल्या बायकांचा संशय होता, म्हणून त्यांनी काकांना तपासणीला पाठवलं. काका खाली गेले, तिच्या शेजारी बसकण मारली, पाऊण तास तराजू उलटासुलटा करून पाहिला आणि निकाल दिला. गडबड होती, पण ती भाजीवालीच्या विरुद्ध होती. दर किलोमागे मूठभर भाजी ती गेली कित्येक वर्षं फुकट देत आली होती. काकांनी तराजू तिथल्या तिथे दुरुस्त केला. बायका पंधरा दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "माप का फक्त घेणाऱ्यासाठीच असते?" एवढंच ते म्हणाले.

अशा माणसाला आमच्या घरातला लॅपटॉपचा प्रश्न कळला, तो एका डब्यामुळे. झालं असं, की माझ्या मुलीला, केतकीला, डिझाइनच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. कॉलेज दूरच्या शहरात, होस्टेलवर राहायचं, आणि लॅपटॉप रोज पाठीवर घेऊन जायचा. दोन वर्षांपूर्वी वर्धा रोडवर एका वळणावर तिची स्कूटर घसरली होती आणि डाव्या खांद्याचं हाड मोडलं होतं. हाड जुळलं, पण जड पिशवी घेतली की संध्याकाळपर्यंत तो खांदा ठणकायला लागे. म्हणून लॅपटॉप पातळ आणि हलका हवा, यावर आमचं सगळ्यांचं एकमत होतं. भांडण झालं ते पुढच्या ओळीवर. केतकीनं एका कागदावर लॅपटॉप कशासाठी हवा ते लिहून दिलं होतं, 'डिझाइनचं काम, आणि अधूनमधून गेम.' मी लाल पेन घेऊन शेवटचे तीन शब्द खोडले. शिक्षकाचा हात आहे, खोडायला वेळ लागत नाही. मी म्हणालो, कॉलेजात शिकायला पाठवतोय, खेळायला नाही. गेमसाठी म्हणून वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलं की लॅपटॉप जाडही होतो आणि मुलगी बिघडतेही. केतकीनं तो कागद टेबलावर ठेवला आणि दोन दिवस माझ्याकडे न बघता जेवली. आमच्याकडे मीठ कुणी कुणाला मागायचं हा प्रश्नसुद्धा तिच्या आईमार्फत सुटू लागला.

तिसऱ्या दिवशी काका काकूंचा स्टीलचा डबा न्यायला खाली आले. डबा घेताना टेबलावरचा कागद त्यांनी वाचला. दुसऱ्याचा कागद वाचू नये वगैरे गोष्टी निरीक्षकांना लागू नसतात.

"हे लाल कोणी केलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"अधूनमधून म्हणजे किती, सर?"

"म्हणजे?"

"रोज? आठवड्यातून एकदा? अर्धा घंटा का चार घंटे? कोणता खेळ हाय, तुम्ही पाह्यला का?"

मी पाहिला नव्हता. तसं सांगितलं.

काकांनी डबा परत टेबलावर ठेवला. "म्हणजे तपासणी न करताच जप्ती केली तुम्ही," ते म्हणाले. मला आयुष्यात वर्गाबाहेर उभं केल्यासारखं फार थोड्या वेळा वाटलंय, त्यातली ही एक वेळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता कूलरच्या आवाजाला न जुमानता काका आमच्या जुन्या कॉम्प्युटरपुढे वही घेऊन हजर झाले. केतकीला आधी हसू आलं, मग तिनं खुर्ची सरकवली. खेळ गाड्यांच्या शर्यतीचा होता. समुद्राच्या कडेनं वळणावळणाचा रस्ता, भन्नाट गाड्या, आणि पहिलं कोण येतं ते बघायचं. काकांनी पहिली गाडी थेट समुद्रात घातली. दुसरीही. तिसऱ्या खेपेला मात्र त्यांनी पद्धत शोधून काढली. ते प्रत्येक चौकात लाल दिव्यापाशी थांबू लागले. बाकीच्या गाड्या वाऱ्यासारख्या निघून जात, आणि काका शांतपणे हिरव्याची वाट बघत. केतकी पोट धरधरून हसत होती. "काका, अहो, शर्यत आहे ही!" "शर्यत असन," काका म्हणाले, "पण सिग्नल बी हाय ना." त्यांना शोधायला काकू खाली आल्या, त्यांनी दारातून नवऱ्याला स्टिअरिंग फिरवल्यासारखं अंग वाकडं करताना पाहिलं आणि माझ्या बायकोला म्हणाल्या, "आता हे बी का वजन करून राहिले?" ही तपासणी एका दिवसात आटपली नाही. आठवडाभर रोज चार वाजता काका येत राहिले. वहीत ते काय लिहीत होते ते मला कुणी दाखवलं नाही.

आठव्या दिवशी त्यांनी मला भाजी आणायच्या निमित्तानं खाली नेलं. दोन इमारती गेल्यावर त्यांनी बोलायला सुरुवात केली.

"सर, पोरगी स्कूटरले हात लावत नाही, दोन वर्षं झाले. ध्यानात हाय का तुमच्या?"

"तिला मेट्रोच बरी वाटते," मी म्हणालो.

"कोण म्हणते?"

खरं म्हणजे हे माझं मीच ठरवून टाकलं होतं.

"मी तिच्या बाजूले बसून पाहून राहिलो ना," काका म्हणाले. "त्या खेळात एक वळण येते, उजव्या हाताले. तिथं थे गाडी एकदम हळू करते. मंग थे श्वास घेते आणि वळण काढते. रोज तेच वळण, रोज काढते. गाडी बदलते, रस्ता थोच घेते. हाड मोडून घरी पडली होती तवा तुम्ही शाळेत, वहिनी ऑफिसात. सारा दिवस पोरगी एकटी. तवापासून खेळून राहिली थे हा खेळ." त्यांनी रिकामी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "भीती कुठं तरी तं काढन ना माणूस. मले तं हा खेळ जप्त करण्यासारखा नाही वाटला. पुढं तुम्ही बाप आहे."

आम्ही वांगी घेतली, कोथिंबीर घेतली. भाजीवालीशी ते नेहमीसारखं बोलले. मला मात्र हातातली पिशवी फार जड वाटत होती. दोन वर्षं मी त्या पोरीला रोज बघत होतो, आणि उजव्या हाताचं वळण मला दिसलं नव्हतं. घरी येऊन मी तो कागद घेतला आणि खोडलेल्या शब्दांच्या वर निळ्या शाईनं परत लिहिलं, 'आणि अधूनमधून गेम.' केतकीनं तो कधी पाहिला कोण जाणे. जेवताना तिनं माझ्या पानाकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, भात घ्या ना थोडा." मी घेतला. खरं तर पोट भरलं होतं.

त्यानंतरच्या दोन रविवारी काका, केतकी आणि मी मेट्रोनं सीताबर्डीच्या बाजारात गेलो. काकांच्या पिशवीत ताणकाटा होता, जाडी मोजायचा कॅलिपर होता, स्टीलची पट्टी होती आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली कसली तरी एक घडी होती, तिच्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "लागन तवा काढीन." पहिल्या दुकानात एका विक्रेत्यानं सोनेरी रंगाचा लॅपटॉप दोन बोटांत धरून आमच्यापुढे नाचवला. "अंकल, एकदम कागदासारखा पातळ!"

"कोण म्हणते?" काका म्हणाले आणि कॅलिपर काढला. समोरच्या कडेला लॅपटॉप खरंच पातळ होता. काकांनी तो फिरवला आणि मागची कड मोजली. "पुढून कागद, मागून पुठ्ठा," त्यांनी जाहीर केलं. मग ताणकाटा निघाला. दुकानातले लोक बिलं करायचे थांबले. वजन लिहिल्याप्रमाणे बरोबर निघालं, तेव्हा विक्रेत्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. ते फार टिकलं नाही.

"चार्जर कुठं हाय?"

"तो वेगळा असतो ना, अंकल."

"पोरगी थो इथंच ठेवून जाणार हाय का?"

चार्जर आला. तो पाहून केतकीचासुद्धा चेहरा उतरला. काकांनी रुमालात लॅपटॉप आणि चार्जर एकत्र बांधले, काट्याला लटकवले आणि आकडा सगळ्यांना दिसेल असा धरला. "हे तं वीट हाय, भाऊ," ते मायेनं म्हणाले. "लॅपटॉप पातळ केला आन् उरलेलं सारं यात भरलं." त्या दुकानातले तीन, पुढच्या दुकानातले चार, असे सात लॅपटॉप त्या रविवारी रुमालात लटकले. जे हलके होते त्यांच्यात केतकीचा खेळ चालण्याइतका दम नव्हता, आणि ज्यांच्यात दम होता त्यांची वीट होत होती. परत येताना मेट्रोत केतकी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जाऊ द्या काका, गेमचं राहू द्या. हलका घेऊ." मी काही म्हणायच्या आत काका म्हणाले, "एका तपासणीत निकाल नाही देत बेटा आपण."

दुसऱ्या रविवारी आम्ही गेलो ते दुकान मोठं होतं, काचेच्या दारांचं, आत थंडगार. टाय लावलेले मॅनेजर स्वतः पुढे आले. काकांनी मागचा अनुभव लक्षात घेऊन सुरुवातीलाच चार्जर मागितले, वजनं घेतली, आणि तीन लॅपटॉप बाजूला काढले. तिन्ही हलके, तिन्ही कामाला पुरे पडणारे, असं निदान लिहिलेलं तरी होतं. मग ते मॅनेजरांना म्हणाले, "यावर खेळ लावून द्या, अर्धा घंटा. आन् एसी बंद करा."

"एसी?"

"पोरीच्या होस्टेलात एसी नाही."

"पण अंकल, बाकीचे कस्टमर..."

"मी वजनमाप खात्यात होतो," काका म्हणाले. यातला 'होतो' हा शब्द ते नेहमी फार हळू उच्चारतात. एसी बंद झाला. बाहेर नागपूरचा जून होता. पंधरा मिनिटांत मॅनेजरांनी टाय सैल केला, वीस मिनिटांत गिऱ्हाइकं दारापाशी जाऊन उभी राहिली, आणि काका एकेका लॅपटॉपच्या पोटाखाली हात घालून, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसे बघत फिरत होते. केतकीनं तिन्हींवर आपलं ते उजव्या हाताचं वळण घेऊन पाहिलं. तिन्ही टिकले. आता निवडायचा कुठला? एक काळा होता, फार देखणा. एक चंदेरी, त्याच्या पडद्याची चमक अशी की डोळे दिपावेत. तिसरा राखाडी, साधा, पडदा जरा मंद वाटणारा. मी चंदेरीकडे बोट दाखवलं.

तेव्हा काकांनी वर्तमानपत्रातली घडी काढली. आत लालसर कापडाचा हातभर तुकडा होता, कडेला करवतीच्या दात्यांसारखी नक्षी. काकूंच्या लग्नातल्या करवतकाठी साडीचा पदर, असं त्यांनी सांगितलं. साडी विरली तेव्हा पदर तेवढा कापून ठेवलेला. केतकीनं दारातल्या उजेडात मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि तो तिन्ही लॅपटॉपवर उघडला. काकांनी खरा पदर तिन्हींच्या शेजारी धरला. चंदेरीवर तो पदर वांग्याच्या रंगाचा दिसत होता. काळ्यावर विटकरी. राखाडीवर मात्र पदर आणि फोटो एकमेकांत मिसळून गेल्यासारखे दिसले.

"फोटो एकच, पदर एकच," काका म्हणाले, "मंग रंग तीन कसे? पोरगी यावर रंग ठरवणार. थे इथं लाल पाहीन आन् कापडावर उतरन वांगं."

मॅनेजर पुढे वाकून बघत राहिले. "वीस वर्षं दुकानात आहे," ते म्हणाले, "असं कुणी बघितलं नव्हतं."

"तुम्हांला हे कसं सुचलं, काका?" केतकीनं विचारलं.

काका पदराची घडी घालत होते. "माह्या बापानं विणला हा," ते म्हणाले. "उमरेडले आमच्या घरी माग होता. मी त्याले सुताच्या कांड्या भरून द्यायचो. सूत रंगवून आणलं का माझा बाप बाहेर उन्हात नेऊन पाहे, मंग सावलीत पाहे, मंग घेई. म्हणे, रंग एका जागी पाहून घ्यायचा नसते." ते जरा हसले. "मंग माग गेला. मी काटा धरला. काही तरी धराच लागते ना हाती."

इतकी वर्षं आम्ही खाली राहतो, पण हे आम्हाला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलंच नव्हतं. केतकीनं त्यांच्या हातातून पदर घेतला, दोन्ही तळहातांवर उलगडला आणि त्या दात्यांवरून बोट फिरवत बराच वेळ बघत राहिली. "हे काठ कसे जोडतात, काका?" तिनं विचारलं, आणि मग लॅपटॉप बाजूलाच राहून त्या दोघांचं त्या काठावर वीस मिनिटं चाललं. मॅनेजरांनी तेवढ्यात हळूच एसी सुरू करून घेतला.

राखाडी लॅपटॉप घ्यायचा ठरला, पण काकांची एक तपासणी बाकी होती. त्यांनी लॅपटॉप, चार्जर, एक वही आणि भरलेली पाण्याची बाटली केतकीच्या पिशवीत घातली, पिशवी तिच्या डाव्या खांद्यावर दिली आणि तिला मेट्रो स्टेशनचा जिना चढून यायला सांगितलं. आम्ही खाली उभे राहिलो. ती वर गेली, खाली आली, परत वर गेली. काका मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. काटा पिशवीतच होता. दुसऱ्यांदा खाली आल्यावर ती म्हणाली, "नाही दुखत, काका." काकांनी एवढंच केलं, की पिशवी तिच्या खांद्यावरून उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि घरापर्यंत कुणाला दिली नाही.

ऑगस्टात केतकी गेली. निघायच्या दिवशी काकांनी तिचं सामान उचलून पाहिलं, दोन जाड पुस्तकं बाहेर काढली आणि तेवढ्याच वजनाचा काकूंचा चिवडा आत ठेवला. स्टेशनवर ते आले नाहीत. "गुडघा दुखून राहिला," म्हणाले, पण आमची रिक्षा वळेपर्यंत ते गॅलरीत उभे होते, आणि उभ्या माणसाचा गुडघा बसलेल्यापेक्षा जास्त दुखतो हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यानंतर इमारत जरा शांतच झाली. दुपारी चार वाजता काका जिन्यात दिसत, आमच्या दारापर्यंत येत आणि काही तरी आठवल्यासारखं करून परत वर जात. एकदा मी दार उघडलं तर म्हणाले, "काही नाही जी, पंखा चालू राह्यला का पाहाले आलतो." कुणाचा पंखा, ते मी विचारलं नाही.

महिन्याभरानं त्यांनी मला विचारलं, "सर, बर्डीले येता का? मले एक लॅपटॉप घ्यायचा हाय." मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा काढली, म्हटलं, ही तपासणी लवकर संपायची नाही. काचेच्या दारांच्या त्या दुकानात आम्हाला बघताच मॅनेजर उठले आणि त्यांचा हात टायकडे गेला. "एसी बंद करू, सर?" काका म्हणाले, "राहू द्या." मग समोर मांडलेल्यांपैकी एका जाडजूड लॅपटॉपकडे त्यांनी बोट केलं. "याच्यावर थो गाडीचा खेळ चालते का? इंटरनेटवरून दोघं खेळू शकते का?" मॅनेजर म्हणाले, चालतो, खेळू शकतात. "बांधून द्या." सगळं मिळून दहा मिनिटं. काटा नाही, कॅलिपर नाही, चार्जर किती जड तेही विचारलं नाही. परतताना मला राहवेना. मी म्हणालो, "काका, हा निदान तोलून तरी बघायचा." ते मेट्रोच्या खिडकीबाहेर बघत म्हणाले, "आपल्याले कुठं न्यायचा हाय, सर. टेबलावरच तं राह्यते." मग थोड्या वेळानं, मी काही विचारलं नसताना, म्हणाले, "पोरगी म्हणे होस्टेलात पोरी आहेत, पण हा खेळ कोणी खेळत नाही. जोडीदार लागते म्हणे."

एका रविवारी संध्याकाळी मी काकूंची पातेली परत द्यायला वर गेलो. दार उघडंच होतं. काकूंनी ओठांवर बोट ठेवून मला आत बोलावलं आणि बैठकीच्या दारापाशी थांबवलं. काका पाठमोरे बसले होते, कानात तार घातलेली नव्हती, त्यामुळे केतकीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. मला वाटलं शर्यत चालू असेल. पडद्यावर बघितलं तर समुद्राच्या कडेला, रस्ता सोडून, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. एक लाल, एक निळी. बाकीच्या शर्यतवाल्या गाड्या केव्हाच पुढे निघून गेल्या होत्या. केतकी सांगत होती, की पहिला महिनाभर तिला मेसमध्ये एकटीच जेवावं लागलं, सगळ्यांचे गट आधीच झालेले, तिचं चित्र सरांनी दोनदा परत दिलं, आणि एकदा ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली.

"मंग आता जेवाले कोण असते सोबत?" काकांनी विचारलं.

"आता एक आहे. शेजारच्या खोलीतली. तीपण शांत आहे. आम्ही दोघी शांतपणे जेवतो."

"चांगलं हाय," काका म्हणाले. "शांत माणसाबरोबर जेवण चांगलं जाते."

काकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "असंच चालते, भाऊ. एक घंटा. गाडी जागची हालत नाही."

मी पातेली ओट्यावर ठेवली आणि पाय न वाजवता खाली आलो. केतकी आम्हाला रोज फोन करते. मी रोज विचारतो, अभ्यास कसा चाललाय, आणि ती रोज सांगते, सगळं छान आहे बाबा. मी ते वहीत बरोबरची खूण करावी तसं ऐकून घेत आलो होतो. तासाभरानं तिचा फोन आला. मी जे विचारायला तोंड उघडलं होतं ते तसंच ठेवलं, आणि म्हणालो, "आज मेसमध्ये काय होतं गं?"

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग ती सांगू लागली. डाळ पातळ होती, पोळ्या गार होत्या, शेजारच्या खोलीतल्या मुलीनं तिला लोणचं दिलं होतं. बाहेर मनीषनगरचे दिवे लागत होते. मी खुर्ची खिडकीपाशी ओढली आणि ऐकत बसलो.